पाणी प्यायला या

२ फेब्रुवारी, शुक्रवार

पोचले एकदाची! अ‍ॅशबर्नहून निघताना अक्षतनं इतक्या सूचना दिल्या, की तो आईला नाही, शाळकरी पोरीला सहलीला पाठवतोय असं वाटावं. वाटेत मी फक्त दोनदा चुकले आणि दोन्ही वेळा चूक जीपीएसमधल्या बाईची होती. अख्खी अमेरिका ओलांडून ही आरव्ही, म्हणजे चाकांवरचं आमचं वन बीएचके, मी एकटीनं वाळवंटात आणून उभी केली. अतुल असता तर निम्मी वाट माझ्या ब्रेक मारण्यावर बोलत बसला असता.

ही हौस त्याचीच. रिटायर झाल्यावर नॅशनल पार्कमध्ये दोघांनी कॅम्प होस्ट म्हणून राहायचं, असं त्यानं केव्हाच ठरवून टाकलं होतं. अर्जही दोघांच्या नावानं केला होता. ऑक्टोबरमध्ये तो गेला आणि डिसेंबरमध्ये पार्कची ईमेल आली, की तुमची निवड झाली आहे. अक्षत म्हणाला कॅन्सल करून टाक. मी म्हटलं, घरात बसून तरी काय करणार आहे?

काम सोपं आहे. तंबू ठोकायला येणाऱ्यांना जागा दाखवायची, शेकोटीच्या लोखंडी कड्यांमधली राख काढायची आणि काय काय बघण्यासारखं आहे ते सांगायचं. त्या बदल्यात गाडी उभी करायला जागा, वीज, पाण्याचा नळ आणि पार्कचं एक जाकीट. माझी साहेबीण म्हणजे रेंजर मार्ला. उंच, करड्या वेणीची, खणखणीत आवाजाची. सुनेत्रा हे नाव तिच्या तोंडात मावत नाही, म्हणून मी पहिल्याच तासाला ‘सू’ झाले.

ही डायरी सुनेनं दिली. रुही म्हणाली, रोज थोडं लिहा आई, मोकळं वाटेल. मला काही वाटतच नाही, हे तिला कसं सांगू? अतुल गेल्यावर रडूसुद्धा आलं नाही. मंडळातल्या बायका डबे घेऊन यायच्या, माझ्या डोळ्यांकडे बघत बसायच्या, आणि मी आपली त्यांना पाणी विचारायची. असो. इथे हवा मस्त आहे, आणि समोरचा डोंगर संध्याकाळी चक्क गुलाबी झाला होता.

५ फेब्रुवारी, सोमवार

आज मार्लानं तिच्या ट्रकमधून पार्क दाखवला. लोक विचारतील तेव्हा मला सांगता यायला हवं ना.

आधी वाळूच्या टेकड्या. त्या सकाळीच बघाव्यात, कारण तेव्हा रात्रभर हिंडलेल्या किड्यांच्या पायांची नक्षी वाळूवर शाबूत असते. मग रंगीत डोंगर. हिरवा, जांभळा, हळदीसारखा पिवळा. कोणत्या रंगाला कोणतं खनिज ते मार्लानं सांगितलं आणि मी लगेच विसरले. त्यापुढे पुरानं कोरलेली दगडी कमान, आणि एका खारट ओढ्यातले बोटाच्या पेराएवढे मासे. आजूबाजूला सगळं तापून निघतं आणि हे पठ्ठे कोमट मिठाच्या पाण्यात शिवणापाणी खेळत असतात. अतुलला हे मासे फार आवडले असते. मला आवडले का, ते सांगता येत नाही. बघितले एवढं खरं.

सगळ्यात शेवटी मिठाचं मैदान. नजर पोचेल तिथपर्यंत पांढरं, आणि मधोमध या पार्कची प्रसिद्ध जागा, ‘सॉल्ट पीपल’. मीठ आणि चिखलाचे माणसाएवढे खांब, एकामागे एक, किंचित पुढे झुकलेले. तिथल्या पाटीवर गोष्ट लिहिली आहे. जुन्या काळी बैलगाड्या घेऊन निघालेला एक तांडा वाट चुकून इथे आला. जवळच झऱ्याकाठी दुसऱ्यांचा तळ होता. त्यांच्याकडे पाणी मागितलं, तर त्यांनी बंदुका दाखवून हाकलून दिलं. माणसं या मिठावर तहानेनं मेली. खांबांचा त्यांच्याशी संबंध नाही, ते खनिजांमुळे तयार झालेत, असंही खाली बारीक अक्षरात आहे. सगळं आयुष्य मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढलं, बारीक अक्षर आधी वाचायची सवय आहे.

निघताना मात्र काय झालं कुणास ठाऊक. आपल्याला कुणाचा निरोप घेताना नुसतं वळून चालायला जमत नाही. मी त्या खांबांकडे बघून म्हटलं, “या हं एकदा घरी. पाणी प्यायला तरी या.” मार्लानं काय बोललीस ते विचारलं. मी इंग्रजीत सांगितल्यावर ती खूप हसली आणि म्हणाली, इतकी पोलाइट होस्ट इथे आजवर आली नव्हती.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

कॅम्प भरला. एका कुटुंबानं जनरेटर लावून टीव्ही बघितला. इतक्या लांब येऊन! दुसऱ्या एका बाईनं मला विचारलं, की इथल्या वाळूत विंचू असतात का, आणि असल्यास ते कुठे भेटतील. मी तिला मासे बघायला पाठवलं.

भर दुपारी, सगळे फिरायला गेले असताना, गाडीच्या दारावर ताणलेल्या कनातीखाली एक माणूस येऊन उभा राहिला. बुटांवर आणि पँटवर पांढरी धूळ. कुठूनतरी लांबून चालत आलेला दिसत होता. मी पाणी विचारलं. तो काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. मी स्टीलचा पेला भरून दिला. त्यानं मान मागे टाकून एका दमात संपवला. घोट घेतल्याचा आवाज मात्र आला नाही. दुसरा दिला, तिसरा दिला. मग गेला. थँक यू नाही, काही नाही, म्हणजे अमेरिकन नक्कीच नसणार. पेल्याच्या काठाला मिठाचा थर बसला होता. घासून ठेवला.

१७ फेब्रुवारी, शनिवार

त्या माणसासारखे बरेच जण आता रोज दुपारी येतात. आज त्यांच्यात दोन बायका होत्या, पायघोळ झग्यातल्या. जुन्या काळचे कपडे घालून इतिहास जगणाऱ्या हौशी लोकांचा एखादा ग्रुप असेल असं मला वाटलं होतं. मार्लाला विचारलं, तर असा कुठलाच ग्रुप आलेला नाही म्हणाली.

मी पाणी देते. दाराशी आलेल्याला पाणी न विचारणं मला येतच नाही. आई सांगायची म्हणून नाही, हात आपोआप माठाकडे जातो. इथे माठ नाही, नळ आहे, एवढाच फरक. ते गेल्यावर कनातीखाली पांढरी पावलं उमटलेली असतात. ती माझ्याकडे येताना दिसतात. परत जाताना दिसत नाहीत.

मला घाबरायला हवं, हे कळतं. पण आतून काही हलत नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी अतुलबद्दल सांगितलं तेव्हाही असंच झालं होतं. शब्द सगळे कळले होते.

२६ फेब्रुवारी, सोमवार

कॅम्पच्या पाण्याची टाकी रिकामी झाली. ती गावातून टँकर मागवून भरतात आणि महिनाभर पुरते. मार्ला दोन माणसं घेऊन पाइप तपासत हिंडली. गळती सापडली नाही.

दुपारी ती एकदम घाईनं आली आणि म्हणाली, मैदानाकडे चल. सॉल्ट पीपल तिथे नाहीत. पर्यटक तक्रार करत होते, की एवढ्या लांब आलो आणि नुसते खड्डे! मार्ला म्हणाली, पावसानं पडले असतील. पाऊस कधी पडला, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आता तिथे जायची वाट बंद केली आहे.

मी तिला दुपारच्या पाहुण्यांबद्दल सगळं सांगितलं. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिचा नवरा गेला तेव्हा तिलाही घरात कुणीतरी आहे असं वाटायचं, म्हणाली. चांगली आहे बिचारी.

संध्याकाळी पोळी भाजताना हात तव्यावर टेकला. करपल्याचा वास आला, तेव्हा कळलं. दुखलं नाही. मग लक्षात आलं, की कित्येक दिवसांत मला तहान लागलेली नाही. मी आठवणीनं पाणी पितेय, औषध घेतल्यासारखं.

३ मार्च, रविवार

आज दार लावून घेतलं. कुणाला पाणी द्यायचं नाही, असं ठरवलं. ते बाहेर उभे राहिले. सगळे. खूप आहेत आता. आरडाओरडा नाही, दार वाजवणं नाही. नुसते उभे, किंचित पुढे झुकून. शेजारच्या जागेतलं जोडपं त्यांच्या मधून चालत गेलं आणि त्यांना काही दिसलं नाही.

शेवटी मीच पेला भरून बाहेर ठेवला. त्यांनी तो घेतला नाही. पेल्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघत राहिले.

आत येऊन आरशात पाहिलं. ओठ फाटलेत. हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली.

९ मार्च, शनिवार

राख काढताना पडले. मार्लानं गावातल्या क्लिनिकमध्ये नेलं. नर्सला शीर सापडेना. मग सलाइनवर सलाइन. डॉक्टर म्हणाले, इतकी कोरडी पडलेली बाई शुद्धीत असते हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. राहा म्हणाले. पण बाटल्या संपेपर्यंत मी टवटवीत झाले होते, म्हणून सोडलं.

परत आले, तर ते कनातीखाली वाट बघत होते. मी मार्लाच्या ट्रकमधून उतरले. ते जवळ आले. कुणी हात लावला नाही. मार्ला माझी पिशवी घेऊन पुढे चालत होती, तिला काही कळलं नाही.

अंधार पडायच्या आत कातडी पुन्हा चिमटीत उभी राहू लागली.

आता नीट लिहून ठेवते. मी यांना घरी बोलावलं. पाणी प्यायला बोलावलं. नळाचं त्यांना पुरलं नाही, म्हणून आता माझं पितात. भीती वाटत नाही. अतुल गेल्यावर माझ्या पाण्याचं मला काय करायचं होतं, असंही मनात आलं.

१४ मार्च, गुरुवार

आज वेगळंच झालं. हे लिहायलाच हवं.

देवांग नावाचा मुलगा आला. नाशिकचा, अ‍ॅरिझोनात एमएस करतोय. गाडीसमोरच्या होस्टच्या पाटीवर माझं पूर्ण नाव वाचून धावतच आला. “काकू, तुम्ही मराठी? यार, कसला भारी योगायोग!” सुट्टीत एकटाच ड्राइव्ह करत पार्क बघत फिरतोय, म्हणाला. मी चहा टाकला. समोर बसून तो वाळूच्या टेकड्यांबद्दल, कॉलेजातल्या गाइडबद्दल, आईच्या हातच्या मिसळीबद्दल बोलत होता. मी त्याच्या गळ्याकडे बघत होते. बोलताना तो हलत होता.

टेबलावर त्याची पाण्याची बाटली होती. भरलेली होती, मी पाहिली होती. कुणी हात लावला नाही आणि ती खाली खाली जात गेली. त्याचा आवाज बसला. ओठांना चिरा पडल्या. काकू, जरा गरगरतंय, म्हणाला आणि टेबलावर कोसळला.

आणि माझं तोंड ओलं झालं. इतक्या दिवसांनी. जिभेखाली थंडगार पाणी.

मी किंचाळून मार्लाला बोलावलं. मी त्याच्यापासून लांब, पार रस्त्यापर्यंत पळाले. हेलिकॉप्टर आलं. तो वाचला. ऊन लागलं, असं सगळे म्हणताहेत.

त्या वेळी ते कनातीखाली ओळीनं उभे होते. त्यांच्यातल्या एका बाईनं मला जागा करून दिली. तिच्या शेजारी.

१८ मार्च, सोमवार

अक्षत, रुही आणि आन्या येणार आहेत. स्प्रिंग ब्रेकमध्ये. जानेवारीतच ठरलं होतं. मी विसरले नव्हते. पण त्याचं काही वाटत नव्हतं, म्हणून विचार केला नव्हता. आज केला.

आन्या. माझी नात, नऊ वर्षांची आहे. पळत येऊन मिठी मारते. सोडत नाही.

फोनला रेंज फक्त वरच्या व्ह्यू पॉइंटवर येते. चढून गेले. अक्षतला म्हटलं, येऊ नका. का, म्हणाला. खरं सांगितलं असतं तर वेड लागलं म्हणाला असता. खोटं सांगितलं, की पार्क बंद आहे. तर म्हणाला, “आई, मार्लानं मला कॉल केला होता. तू डिप्रेस्ड आहेस. वी आर कमिंग.” मी ओरडले. म्हटलं, तुझ्या मुलीला इथे आणलंस तर तुझं तोंड बघणार नाही. तो मग रडायला लागला. आई, तू अशी कधीच नव्हतीस, म्हणाला.

माझ्या बोलण्यानं तो उलट घाबरला. आता नक्की येणार.

२० मार्च, बुधवार

निघून जायचं ठरवलं. गाडी काढली. गेटपर्यंत आले. आरशात बघितलं. मागच्या सोफ्यावर, टेबलाशी, पलंगावर, सगळे बसले होते. दाटीवाटीनं. एक अतुलच्या सीटवर.

जिथे जाईन तिथे येतील. मी बोलावलंय.

परत आणून लावली.

२१ मार्च, गुरुवार

मार्लाला सांगितलं, त्यांना गेटवर अडव. म्हणाली, फॅमिलीच तुला बरं करेल, सू.

ती बोलताना सारखी पाणी पीत होती. मी मागे सरकत गेले. ती पुढे येत गेली. शेवटी तिच्यावर दगड उचलला. आता येणार नाही ती. मैत्रीण होती —

२२ मार्च, शुक्रवार

ते रविवारी येणार. उद्या सकाळी मी मैदानात जाते. खड्डे आहेत तिथे. एक माझा.

मी त्यांच्यात उभी राहिले की आन्याला मिठी मारायला आजीच नसेल. बस्स. एवढंच करायचं आहे.

पाय गुडघ्यापर्यंत पांढरे झालेत. मोजा काढला तर आत मीठ.

अतुल, मला अजूनही रडू येत नाही. येईल तरी कुठून —

२३ मार्च, शनिवार

बूट चढत नाहीत. पाय वाकत नाहीत. सरपटत दारापर्यंत —

गाडीचा आवाज.

आज शनिवार आहे. रविवारी येणार होते. सरप्राइझ, म्हणतोय अक्षत बाहेरून. आई, सरप्राइझ.

कडी लावली. वरची, खालची. ओरडता येत नाही, घशातून हवा नुसती —

कागदावर ‘जा’ लिहून काचेला लावला. आन्याला मराठी वाचता येत नाही. अक्षत गाडीतून सामान काढतोय. त्याचं लक्ष नाही.

ती दाराशी आली. आजी, ओपन द डोअर, म्हणतेय. आय मिस्ड यू सो मच, म्हणतेय. धावत आली, धापा टाकतेय. श्वास ऐकू येतो. ओला —

ते सगळे माझ्या मागे उभे आहेत. वाट बघताहेत. मी बोलावलं तर येईल ती. मी बोलावणार नाही. तोंड दाबून धरलंय.

काचेला नाक लावलंय तिनं. वाफ धरलीय काचेवर. अतुलसारखं नाक. माझं बाळ. माझं —

वाटलं. मला वाटलं काहीतरी. ऑक्टोबरपासून पहिल्यांदा, देवा, इतकं —

तहान.

तहान लागली मला. किती लागलीय. आन्या, जा, बाळा पळ, अक्षत तिला उचल, वरची कडी निघालीय, हा माझा हात आहे, मी नाही काढली, खालची —